म्हशीला विचारून बेटावर

बेटावर सुट्टीला जायचं ठरवताना लोक हवामान बघतात, हॉटेलचे फोटो बघतात, सुट्ट्या जुळवतात. आम्हाला म्हशीची परवानगी काढावी लागली. त्यात सव्वा महिना गेला. आमच्यासारखीच दुभती म्हैस दारात असूनही कुणाला समुद्राची हौस असेल, तर हा लेख त्यांच्या कामाचा आहे. बाकीच्यांनी रस्त्याची माहिती घ्यावी आणि म्हशीचा भाग सोडून द्यावा, पण तो सोडला तर फारसं काही उरत नाही.

सुरुवात माझ्या मोबाइलवरून झाली. मी वाशीमला एका शाळेत लिपिक आहे, शनिवार-रविवार बायकोसोबत रिठदला आईवडिलांकडे असतो. अशाच एका रविवारी रेखा, म्हणजे माझी बायको, कोकणातल्या एका बेटाचा व्हिडिओ बघत होती. खाडीच्या तोंडाशी लहानसं बेट, त्यावर नारळाची झाडं आणि सात-आठ खोल्यांचं रिसॉर्ट. मायनं भाकरी थापता थापता डोकावून पाहिलं आणि विचारलं, "एवढं पाणी हाये, अन् कोणाच्याच वावरात नाई जात?"

मी म्हटलं, "नाही जात, माय. ते खारं असते."

"मंग ठेवलं कायले?"

ती नंतर भाकरी करपेपर्यंत ते पाणी बघत राहिली, आणि मायची भाकरी करपलेली मी जन्मात पाहिली नव्हती. त्याच वेळी मी ठरवलं की हिला हे पाणी दाखवायचं.

अडचण एकच होती, शेवंता. शेवंता ही आमची म्हैस, शेलूबाजारच्या एका माणसाकडून घेतलेली. ती मायशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. तिच्यापायी माय अकरा वर्षांत एकही रात्र घराबाहेर राहिलेली नाही. माझं लग्न लागलं तेव्हासुद्धा ती मंगलाष्टकं संपल्या संपल्या धार काढायला घरी गेली, आणि आमच्या लग्नाच्या अर्ध्या फोटोंत ती नाही.

पहिल्यांदा शेजारच्या कमलकाकूंना बसवून पाहिलं. शेवंतानं बादली उडवली. मी बसलो तर मलाच उडवलं. रेखा गोठ्याच्या दारापर्यंत गेली, शेवंतानं नुसती मान वळवून पाहिलं आणि रेखा परत आली. मग माय म्हणाली, "राहू द्या. तुमी जा दोघं. मले फोटू दाखवजा."

तेव्हा ओट्यावर तंबाखू चोळत बसलेले बाबा म्हणाले, "मी काढतो दूध. मले तसंही समुद्र पाह्यची हौस नाई. पाणी ते पाणी, त्याच्यात काय पाह्यचं?"

बाबा म्हणजे मोठी पांढरी मिशी, तुरीच्या काडीसारखे वाळलेले हातपाय आणि गावात दरारा. आमच्याकडे अडेल म्हशीवर एक जुना उपाय आहे. जिच्या हाताची सवय असेल, तिचं लुगडं नेसून दुसऱ्यानं धारेला बसायचं. म्हैस वासाला फसते. बाबांनी दार आतून लावून घेतलं आणि मायचं जांभळं लुगडं सदऱ्यावरून गुंडाळून गोठ्यात गेले. शेवंतानं वास घेतला, खूश झाली, मग तिला मिशी दिसली.

दुसऱ्या दिवशी पदर नाकापर्यंत ओढला. तरी जमेना. आठ दिवसांनी रेखाच्या लक्षात आलं की मायच्या बांगड्या वाजतात तेव्हा शेवंता कान हलवते. बाबांच्या हातात बांगडी शिरेना, म्हणून सुतळीत सहा बांगड्या ओवून मनगटाला बांधल्या. मग राहिलं बोलणं. माय धार काढताना "हां बाई हां, सोड माय सोड" असं म्हणत असते. बाबा म्हणाले, "मी म्हशीले माय नाई म्हणत." हे आणखी चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी गोठ्यातून बारीक आवाज आला, "सोड माय सोड," आणि पाठोपाठ बादलीत धार वाजली. आम्ही तिघं भिंतीला कान लावून उभे होतो. माय रडायला लागली आणि विचारलं तर म्हणाली, "डोयात भुसा गेला."

मग मी रिसॉर्टला फोन लावला. तिकडच्या मॅनेजरनं विचारलं, खोली समुद्राकडची हवी की बागेकडची. मायनं फोन माझ्या हातातून घेतला. "ते कोणतीबी द्या. तुमच्या इथी टावर हाये काय?"

"रेंज आसा ओ काकी, पण फकत धक्क्यावरच्या माडाखाली गावता."

माडाजवळची खोली घेतली. दोन दिवसांचे, दोन वेळच्या जेवणासकट माणशी चार हजार पडले. समुद्राकडची खोली महाग होती आणि तिला रेंज नव्हती.

डिसेंबरात, सोयाबीन विकून झाल्यावर आणि तूर उभी असताना निघालो. पहाटे पाचला रिठद सोडलं. रिसोडवरून मेहकर आणि तिथून समृद्धी महामार्ग. या रस्त्यावर गाडी छान पळते, पण मध्ये चहाची टपरी नाही, तेव्हा थर्मास भरून घ्या. मायनं चाळीस भाकरी, ठेच्याचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि एक घागर पाणी घेतलं होतं. पाण्याच्या बेटावर पाणी नेणारी ती पहिलीच बाई असावी. संभाजीनगरपासून पुढे ट्रक वाढतात, पुणे ओलांडायला तीन तास लागतात. मुक्काम कोल्हापूरला केला. हॉटेलातला तांबडा रस्सा मायनं चाखला आणि म्हणाली, "चांगला हाये. थोडं तिखट पाह्यजे होतं." वेटर तिच्याकडे बघतच राहिला.

वाटेत दर दोन तासांनी मायचा बाबांना फोन. सकाळी दूध किती निघालं, शेवंतानं सरकीची ढेप खाल्ली का, तिनं माझी आठवण काढली का. शेवटच्या प्रश्नावर बाबा एकदा गोठ्यात जाऊन आले. "तिनं त काई सांगतलं नाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फोंडाघाट उतरलो. घाटात गाडी हळू न्या, वळणं फसवी आहेत. दुपारी धक्क्यावर पोचलो. होडी दहा मिनिटांत बेटावर नेते, भाडं राहण्याच्या पैशातच आहे, अंगात ते नारिंगी जाकीट घालावं लागतं. मायनं ते पदराखालून घातलं आणि होडी हलली तसं माझं मनगट धरलं. तिच्या हाताला एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं. शेवंताला ते रोज कळत असणार.

बेटाच्या पलीकडच्या अंगाला खरा समुद्र आहे. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, म्हणजे पाणी लांब गेलेलं आणि कोरडी वाळू पसरलेली. माय धरणाच्या काठावर बसतात तशी वाळूवर बसली, चपला काढून बाजूला ठेवल्या, भाकरीचं गाठोडं आणि ठेच्याचा डबा ठेवला, आणि म्हणाली, "चला, आंगण पाहून येऊ." आम्ही बेटाला चक्कर मारून तासाभरानं परत आलो. जिथं वाळू होती तिथं गुडघाभर पाणी होतं. चपला नाहीत, भाकरी नाहीत, डबा नाही.

"कोणं नेलं?" माय ओरडली.

"समुद्रानं," रेखा म्हणाली. "भरती आली, माय. तो दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो."

"मोटर कोणं लावली?"

"कुणीच नाही. आपोआप."

माय पाण्याकडे टक लावून पाहत राहिली. आमच्याकडे एकबुर्जीचं धरण आहे, त्याचं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि पावसाळ्यात भरतं, रोज उठून कुठे जात नाही. "आता त्याले ठेचा लागला असंल," ती म्हणाली, आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ती अशी हसलेली मी कधी पाहिली होती, ते आठवेना.

आणि तेवढ्यात मॅनेजर धावत आला. माडाखाली माझा मोबाइल ठेवला होता, तो सारखा वाजत होता.

बाबा होते. व्हिडिओ कॉलवर लुगड्याचा पदर, पदराखाली मिशी आणि मागे शेवंताचं काळं ढुंगण. "सकायपासून पान्हा चोरून राह्यली, फोनवर तुले खोटंच सांगतलं मी. आताबी नाई देऊन राह्यली. लाथ मारली मले."

"काहून? काल त देत होती ना?" मायनं विचारलं. मग तिनं डोळे बारीक केले. "लुगडं असं कडक काहून दिसून राह्यलं?"

"धुतलं मी. सोडा टाकून. लय मयलं होतं, मनलं तू येशीन त चांगलं दिसंन."

वास गेला, म्हणजे सगळंच गेलं. तिचा चेहरा पाहून मला कळलं की आता ती पिशवी भरेल. तसंच झालं. "होडीवाल्याले बोलाव," ती म्हणाली. "दोन टायमाचं दूध आटकलं त कास सुजते तिची. मी चालली." आठशे किलोमीटर येऊन तिला तासभर समुद्र मिळाला होता. मला तिचा राग आला, शेवंताचा त्याहून जास्त आला आणि सोड्याच्या पुडीचा सगळ्यात जास्त.

"थांबा," रेखा म्हणाली. "तुमी फोनवरून बोला तिच्यासंग. आवाज त तोच हाये ना?"

बाबांनी मोबाइल गोठ्याच्या खुंटीला टांगला. माडाखाली माय उकिडवी बसली, जशी धारेला बसते तशी. बांगड्या फोनजवळ नेऊन वाजवल्या आणि तिकडच्या गोठ्यात ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली, "हां बाई हां! सोड माय सोड! मी इथीच हावो!" एव्हाना रिसॉर्टची सगळी माणसं जमली होती. अर्ध्या चड्डीतले दोन पुणेकर, एक नवं जोडपं, हातात माशाचं ताट घेतलेला आचारी. शेवंतानं एक कान हलवला. मग दुसरा. मग बाबांनी हात घातला आणि फोनमधून धारेचा आवाज आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना शेवंता दचकली आणि तिनं बादली आडवी केली. "कोण हाये ते भोकाचं!" बाबा ओरडले. सगळ्यांनी हात मागे बांधले आणि उरलेली धार निघेपर्यंत कुणी हललं नाही.

धार झाली तरी माय पिशवी सोडेना. "उद्याबी असंच करंन शेवंता. मी येतो सकायच्या होडीनं."

बाबांनी पदर मागे सारला. "येऊ नको," ते म्हणाले. "अकरा वर्सं दोनी टाईम तू काढलं. मले दोन दिस नाई जमत काय? तू थे पाणी पाह्य. फोन लागला त लाव, नाई लागला त मी म्हणतो तिले माय."

मायनं पदर तोंडाला लावला. पिशवी मात्र रेखानं उचलून खोलीत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी माडाखाली गर्दी असायची, पुणेकर तर चहा घेऊन आधीच येऊन बसायचे. मधल्या वेळात माय वाळूवर असायची. चपला नव्हत्याच, त्यामुळे अनवाणी. बसल्या जागी दुसऱ्यानं केलेला चहा तिच्या हातात आला तेव्हा कपाकडे बघत ती म्हणाली, "साखर कमी हाये, पण आयता हाये." निघताना तिनं एका बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं.

घरी पोचलो तेव्हा धारेची वेळ झालेली. माय हातपाय न धुता गोठ्यात शिरली. शेवंतानं तिला हुंगलं आणि तोंड फिरवलं. माय बसली, बोलली, बांगड्या वाजवल्या. पान्हा नाही. शेवटी बाबा तंबाखूच्या वासानं भरलेलं ते लुगडं नेसून आले, खोकले, आणि शेवंतानं मुकाट्यानं दूध दिलं.

माय ओट्यावर येऊन बसली. दुखावली होती, ते दिसत होतं. मी तिच्याजवळ गेलो तर म्हणाली, "चाल, बरं झालं. सुटली मी," आणि परत डोळ्यांत भुसा गेला.

बाबांनी बाटलीतलं पाणी चाखून थुंकलं. "खारं हाये खरंच."

"अन् ते मांगं जाते अन् परत येते, माह्यावाल्या चपला घेऊन गेलं," माय म्हणाली.

"काईबी सांगतं. पाणी कधी चढावर येते काय?"

मायनं हातवारे करून सांगितलं, रेखानं सांगितलं, मी व्हिडिओ दाखवला. बाबांचा विश्वास बसेना. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं, किती वाजता जाते अन् किती वाजता येते. तिसऱ्या दिवशी विचारलं, आवाज येतो का.

मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा माय गोठ्यात होती. अंगावर तेच तंबाखूच्या वासाचं जांभळं लुगडं, डोक्याला बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा, आणि ती बाबांसारखी खोकत होती. "याईले दाखवा लागते ते पाणी," मला पाहून ती म्हणाली. "नाई त मरेपर्यंत मले खोटी म्हणतीन." बाबा भिंतीला पाठ लावून बाहेर उभे होते आणि आपलं काहीच लक्ष नाही असं दाखवत तंबाखू चोळत होते.

आत माय खोकली, मग पुन्हा खोकली. मग बादलीत धार वाजली.

बाबांनी तंबाखू खाली टाकली. "लाव फोन त्या बेटावाल्याले," ते हळूच म्हणाले. "अन् माडाजवयची खोली माग."