शेवटच्या गड्यासाठी टाळ्या

मॅच एकतर्फी झाली की आमच्या सोसायटीतले टीव्ही बंद व्हायचे, आणि नलूताई शिर्के आपली खुर्ची टीव्हीजवळ ओढायच्या. "आता बघण्यासारखी झाली," म्हणायच्या. समोरचा संघ दुबळा असला, त्यातून त्याचे मोठे खेळाडू बोर्डाशी भांडून घरी बसलेले असले, तर बाईंची चंगळच. त्या नवख्या पोरांची नावं त्या आदल्या दिवशीच पाठ करायच्या. शेवटचा गडी बाद झाला की तो आत जाईपर्यंत टाळ्या वाजवायच्या. घरात एकट्याच असायच्या, तरी वाजवायच्या. भिंतीपलीकडे मला ऐकू यायच्या.

इथे गुजराती मुलखात, वाघोडिया रोडवर, आमची दारं शेजारी-शेजारी. नलूताई मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. तरुणपणी स्वतः क्रिकेट खेळलेल्या, तेही खेळायला मुली मिळत नसत तेव्हा. "एकदा अकराजणी जमल्याच नाहीत गं. नऊजणीच उतरलो. समोरच्या म्हणाल्या, सोडून देता का? म्हटलं, सोडून द्यायला पाणीगेटहून सायकल मारत आलो होय? सडकून हरलो. पण त्यांना जेवणानंतर परत उन्हात यायला लावलं!" हे सांगताना त्या इतक्या खूश व्हायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, कप यांनीच आणला.

गेल्या पावसाळ्यात त्यांचं पोटातलं दुखणं कॅन्सर निघालं, आणि पार पसरलेलं. डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं, फार तर दिवाळी काढतील. भाचा भला माणूस. म्हणाला, "मावशी, कशाला उगीच हाल? औषधं थांबवू या." बाई उसळल्याच. "जिंकणार नाही हे मला कळत नाही होय रे? पण मी सोडून द्यायला आले नाहीये. सांग ने त्यांना, इंजेक्शन द्या म्हणावं." दिवाळीत स्वतः चकल्या तळल्या, निम्म्या जाळल्या, आणि उरलेल्यांचा डबा मुद्दाम डॉक्टरांना पाठवला.

उत्तरायण झालं. तारांवर पतंग लटकत होते तेव्हाच गावाबाहेरच्या नव्या स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामना आला. पाहुण्यांचे मोठे खेळाडू आलेच नव्हते. "मला घेऊन चल," नलूताई म्हणाल्या. मी नाही म्हटलं. "घरात ठेवून माझं लोणचं घालणार आहेस?" झालं, काढली गाडी.

आपल्या लोकांनी धावांचा डोंगर रचला आणि पाहुण्यांचे गडी भराभर गेले. स्टँडमधली माणसं पार्किंगकडे निघाली. शेवटचा गडी लंगडत आला, तसा मागचा एक माणूस हसत गुजरातीत म्हणाला, "काकी, मॅच तो पती गई, घरे चालो!" म्हणजे मॅच संपली, घरी चला.

नलूताई कठडा धरून उभ्या राहिल्या. "तमारी पती गई हशे, भाई. आ छोकरो हजी ऊभो छे!" पोरगा अजून उभा आहे, तर संपली कशी? मग मैदानाकडे वळून चक्क मराठीत ओरडल्या, "टिकून राहा रे बाळा! घाम काढ त्यांचा!" त्याला काय कप्पाळ कळणार? पण पठ्ठ्या टिकला. चांगला टिकला. मागचा माणूसही गुपचूप परत जागेवर बसला. शेवटी तो पोरगा बाद झाला तेव्हा नलूताईंच्या टाळ्या सुरू झाल्या. मी त्यांना कमरेला धरलं होतं आणि मला रडू आवरेना.

"रडतेस काय? वाजव ने!"

होळी झाली, आणि मग नलूताई गेल्या. खाली जमलेल्यांत कुणीतरी म्हणालं, "सुटल्या बिचाऱ्या." माझं डोकंच फिरलं. बिचाऱ्या? शववाहिनी निघाली तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. मी टाळ्या वाजवायला लागले. लोक वळून बघायला लागले, नवऱ्याने माझं कोपर ओढलं. बघेनात का! गाडी फाटकातून वळून दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले नाही.