लैदामावशींची म्हैस

"आई गेली. झोपेतच," त्रीननं फोनवर सांगितलं. मी वॉटरफोर्डच्या आमच्या स्वयंपाकघरात उभी होते. गॅसवर कुकर होता, आणि माझी नजर आपोआप ओट्यावरच्या पांढऱ्या टाइलकडे गेली. ती न्यायला त्रीनची आई, लैदामावशी, स्वतः येणार होत्या...

त्रीन माझ्याबरोबर औषधांच्या कारखान्यात. २०१४ मध्ये तिनं आईला एस्टोनियातून इकडे आणलं आणि भिंतीला भिंत लागून घर असल्यामुळे मावशी माझ्या वाट्याला आल्या. गावच्या शाळेत आयुष्यभर शिवणकाम शिकवलेलं. माझ्या पडद्याची शिवण बघून त्यांनी एकदा असा काही चेहरा केला की मी मुकाट्यानं सगळी उसवली. आणि बोलायला बसल्या की विषय एकच, त्यांची 'म्हैस'. निदान आम्हाला तरी तसंच ऐकू यायचं.

माझी आई सांगलीहून राहायला आली होती तेव्हाची गंमत. मावशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होत्या, मी आईला मराठी करून देत होते. तो एक शब्द मलाही अडला, म्हणून तेवढा तसाच ठेवला. गावात एक मोठी म्हैस होती, जर्मन जमीनदाराची, आणि एका हिवाळ्यात गावकऱ्यांनी ती जाळली. आईनं निवडत असलेली मेथी खाली ठेवली. "मुकं जनावर गं ते," ती म्हणाली, "त्यानं काय केलंतं कुणाचं?"

मी ते जसंच्या तसं मावशींना सांगितलं. त्यांनी आधी डोळे मोठे केले, मग पेन्सिल घेऊन खांब, पायऱ्या आणि धुराडी काढून दाखवली. जमीनदाराची हवेली! त्यांच्या भाषेत तिला 'मोइस' म्हणतात. दोघी म्हाताऱ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या दिवसापासून हवेलीचं नाव कायमचं म्हैस पडलं.

हकीकत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मावशींच्या खापरपणजोबांनी वेठीला जाऊन त्या हवेलीचे दगड वाहिलेले, पण पुढच्या दारानं आत जायची मुभा नाही. तो राग पिढ्यान्‌पिढ्या साठला आणि मग आग लागली. पुढे देश स्वतंत्र झाला, जमिनी गावात वाटल्या गेल्या, आणि ज्यांनी जाळली त्यांनीच नवं छप्पर घालून तिथे शाळा भरवली. रशियन अमलात नाचाच्या दालनात बटाट्यांचे ढीग, नंतर पुन्हा शाळा. मागचं दार जवळ पडत असूनही मावशी रोज पुढच्याच दारानं आत जायच्या. हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची आणि मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

पण गावात मुलं कमी होत चालली होती. शाळा बंद पडली तर हवेली विकली जाणार, पुन्हा कुणा एकाची होणार, आणि पुढचं दार गावाला बंद. ह्या काळजीनं मावशी २०१८ मध्ये परत निघाल्या, लोकांना समजवायला. जाताना ती टाइल माझ्या हातात दिली. वर्गात ऊब देणाऱ्या, टाइल बसवलेल्या भिंतीएवढ्या उंच शेगडीची निखळलेली टाइल, त्यांनी येताना बरोबर आणलेली. "शाळा राहिली तर न्यायला येईन," म्हणाल्या. "नाही राहिली तर तुझ्याकडेच असू दे. नव्या मालकाला नको."

तिच्यावर मी कुकर ठेवायला लागले. घरात सगळे सर्रास 'म्हशीवर ठेव' म्हणायला लागले. आमची लेक सई शाळेतल्या मैत्रिणींना 'द बफलो' म्हणून ती दाखवायची.

पुढच्या उन्हाळ्यात मावशींचा फोन आला. माझ्या आईकडून शिकलेलं मराठी, उच्चार अगदी चोख. "म्हैस जगली!" आजूबाजूच्या गावांनी आपली मुलं तिथे घातली होती, शाळा राहणार होती. टाइल न्यायला त्या पानगळीत येणार होत्या. त्याआधीच गेल्या... पण हे ऐकून, पाहून गेल्या, ह्याचंच मला केवढं समाधान आहे.

टाइल त्रीन गावी घेऊन गेली. देण्याआधी मी ती घासघासून धुतली, पण हळदीचा डाग काही जाईना. त्रीन म्हणाली, राहू दे, ग्रँड आहे, म्हणजे इथल्या बोलीत छानच. परवा तिनं फोटो पाठवला. पांढऱ्या शेगडीत पिवळ्या डागाची एक टाइल, आणि खाली वाळत घातलेले मुलांचे लोकरी हातमोजे.

काल नवरा गरम कुकर हातात घेऊन ओट्यापाशी थबकला. आता कुठे ठेवू, म्हणून विचारायला लागला.

"म्हशीवर," मी बोलून गेले.

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, कोपरानंच जवळचा फडका त्या रिकाम्या जागेवर ओढला आणि कुकर त्यावर ठेवला.