बंगळूरला जाताय? 'बेडा' म्हणजे काय ते शिकून जा

माझी शाळा सातवीत सुटली. साताऱ्यात नवऱ्याच्या भंगाराच्या दुकानात बसून जुन्या कॉम्प्युटरचा नाद लागला तो लागलाच. घरी एक ४८६ आहे, तीस वर्षांपूर्वीचं मॉडेल, नुसता रांगतो. भंगारात त्याच्यासाठी दुप्पट वेगाचा प्रोसेसर सापडला. पण जिवंत की मेलेला? बंगळूरला शिवाजीनगरात एक अण्णा हौसेनं असलं तपासून देतात, असं नणंदेनं कळवलं. डबा बांधला, गाडीत बसले.

स्टेशनावर रिक्षावाले वाट्टेल ते मागतात, सरळ बस धरा. शिवाजीनगरला उतरून इडली-वडा खा. सांबार गोड लागेल, तोंड वाकडं करू नका. मी केलं.

अण्णांचं दुकान मिक्सर दुरुस्तीचं, मागच्या टेबलावर त्यांचा जुना कॉम्प्युटर. आपला प्रोसेसर काढून त्यांनी माझा बसवला. पडद्यावर आकडे धावले.

"सूपर, अक्का! फस्ट क्लास चलता है!"

माझा काढून माझ्या हातात दिला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, अण्णा पुढे गेले.

मला थांबणं जमत नाही. त्यांचा प्रोसेसर मीच परत बसवला. चौकोनी वस्तू, कशीही बसते. पण कापलेला कोपरा खुणेला जुळवायचा असतो. हे मला ठाऊक आहे. बघितलं नाही. बटणाकडे हात गेला तसे अण्णा ओरडले, "बेडा अक्का, बेडा!"

मला ऐकू आलं 'वेडा'.

"वेडा कुणाला म्हणता हो?" म्हणत मी बटण दाबलं.

जळका वास आला. अण्णांनी प्रोसेसर काढला, शर्टाला पुसत उभे राहिले. "बीस साल से यही था," एवढंच बोलले.

सर्जापूर रोडला नणंदेच्या घरी पोचायला बसनं दोन तास. गेल्या गेल्या मी फणकारले, "तुमच्या गावचा माणूस मला वेडा म्हणाला!"

ती खो खो हसली. "अहो वहिनी, बेडा म्हणजे नको! नको नको म्हणत होता बिचारा. का, काय करत होता तुम्ही?"

मी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी गाडीआधी परत गेले. माझा चालणारा प्रोसेसर अण्णांना द्यायचा, असं बसमध्ये पक्कं केलं होतं. दुकानात त्यांचा एक दोस्त बसलेला, कॉम्प्युटर बंद का म्हणून विचारत होता. मला कळावं म्हणून अण्णा मुद्दाम हिंदीत म्हणाले, "पुराना माल, अपने आप गया." मग माझ्यासाठी चहा सांगितला. "स्वल्प शुगर, अक्का?"

बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. मी पर्समध्ये हात घातला, प्रोसेसरची डबी लागली. रुमाल काढला, तोंड पुसलं, चहा प्याले.

घरी येऊन नव्या वेगासाठी बोर्डावरच्या दोन पिना हलवल्या, प्रोसेसर बसवला. कोपरा तीनदा बघितला. आता ४८६ पळतो. नवरा म्हणतो, "जाऊन फायदा झाला की!" मी हो म्हणते.

अण्णांना मराठी वाचता येत नाही. म्हणून तर इथं लिहायची हिंमत झाली.