कलमभाऊची पूर्वअट

कलमभाऊ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दर दुसऱ्या वाक्याला तो कुठलं तरी कलम काढतो, म्हणून लोकांनी ते ठेवलं आणि त्यालाही ते मनापासून आवडलं. नोकरी लिफ्ट तपासण्याची. इमारतीत शिरायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचे आणि आतली पाटी वाचायची: सहा माणसं. सातवं माणूस आत आलं की कलमभाऊ बटणावरून बोट काढून घेतो. एकदा ते सातवं माणूस त्याची सासू निघाली. सासूबाई पाच मजले चढून गेल्या, आणि वर पोचल्यावर जावयाबद्दल जे काही बोलल्या ते बायको अजून तोंडपाठ म्हणून दाखवते.

असा माणूस विरंगुळा म्हणून काय करणार? आठवडाभर नियम पाळून थकलेल्या कलमभाऊने रविवारसाठी आणखी जास्त नियमांचा खेळ शोधून काढला.

चष्मेवाल्याच्या दुकानामागे एक खोली आहे. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, मध्ये टेबल. तिथे रविवारी दुपारी मंडळी जमायची. सगळ्यात धाकटी दातांची डॉक्टर, तीही चाळिशी ओलांडलेली. म्हणजे सगळेच शिंगं मोडून वासरांत शिरलेले. खेळ असा की प्रत्येकाने कागदावर एक पात्र मांडायचं. कुणी चोर, कुणी सरदार, कुणी जादूगार. चष्मेवाला गोष्ट सांगणार, वाटेत दरोडेखोर आणि राक्षस आणणार, बाकीच्यांनी फासे टाकून लढायचं. पात्र मुरत गेलं की त्याची लेव्हल वाढते आणि ते नवी कसबं शिकतं. मात्र कसबाला पूर्वअट असते. तोल सांभाळता येत असेल तरच दोरीवरून पळायला शिकता येतं. आणि लेव्हल वाढली की एखादं जुनं कसब टाकून त्याच दर्जाचं नवं घेता येतं. याला म्हणायचं फेरशिक्षण.

आता टाकलेल्या कसबाच्या जिवावर दुसरं एखादं उभं असेल, तर त्या वरच्याचं काय करायचं? खेळाचं पुस्तक उशीएवढं जाड, पण इथे ते गप्प होतं. पुस्तक गप्प झालं की कलमभाऊला कंठ फुटतो. त्याने निवाडा दिला आणि फेरशिक्षणाच्या कलमाखाली टीप म्हणून लिहूनही ठेवला, "वरचं कसब कागदावर राहतं, अंगात राहत नाही. पूर्वअट परत आली तर जागं होईल. तोवर झोपलेलं."

या निवाड्याची पहिली शिकार डॉक्टरीणबाईंचा चोर. बाईंनी तोल टाकून कुलपं उघडणं घेतलं आणि पुढच्याच रविवारी चोराला खंदकावरच्या दोरीवर पळवलं. कलमभाऊने शांतपणे पान उघडलं. चोर खंदकात गेला. पुढे कलमभाऊची दाढ दुखली तेव्हा बाईंनी ती काढून दिली, पण जरा सावकाशच काढली, असं तो सांगतो.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मास्तर आणि त्यांच्या बायको, काकू, बसायच्या. मास्तर निवृत्त पोस्टमास्तर, त्यांचं पात्र ढालवाला सरदार. काकूंची काठीवाली वैदीण. आयुष्यभर भांडून झाल्यावर दोघांनी लढाईसाठी एकच कसब निवडलं: पाठीला पाठ. दोघं पाठ टेकून उभे राहिले की मागून वार बसत नाही. पूर्वअट एकच, शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याकडेही हेच कसब हवं.

तेव्हाही कलमभाऊने हात वर केला होता. "मास्तर, तुम्ही आधी घेऊ शकत नाही, कारण काकूंकडे नाही. काकू आधी घेऊ शकत नाहीत, कारण तुमच्याकडे नाही."

"मग आम्ही काय करायचं रे?" काकू म्हणाल्या. "जन्मभर वाट बघायची?"

कलमभाऊने बराच विचार केला आणि निवाडा दिला, की दोघांनी एका श्वासात घ्यावं. मागेपुढे झालं तर रद्द. मग काकूंनी बोटाच्या पेराने टेबलावर टकटक केलं आणि दोघं एकदम म्हणाले, "घेतलं." काकूंना त्याचं इतकं हसू आलं की चहा सांडला.

काकू गेल्या. थोड्या दिवसांच्या आजाराने गेल्या, फार काही करताही आलं नाही. चष्मेवाल्याने गोष्टीतली वैदीण एका गावात आजारी माणसांची सेवा करायला मागे ठेवून दिली. तिला मारायचं त्याच्या जिवावर आलं.

दोन महिन्यांनी मास्तर पुन्हा टेबलाशी आले. शेजारची खुर्ची कुणी हलवली नव्हती. लढाई जुंपली, सरदाराला लांडग्यांनी घेरलं, आणि मास्तर सवयीने म्हणाले, "पाठीला पाठ."

चष्मेवाला घाईघाईने म्हणाला, "चालेल, चालेल. टाका फासे."

मास्तरांनी फासे उचलले नाहीत. त्यांनी कलमभाऊकडे पाहिलं. "काय रे, चालतं का?"

त्या क्षणी कुणीही शहाणा माणूस खोटं बोलला असता. निदान खोकला तरी असता. कलमभाऊ म्हणाला, "नाही चालत, मास्तर. सोबती शेजारी नाही. कसब कागदावर राहतं."

"अंगात राहत नाही," मास्तरांनी वाक्य पुरं केलं. "बरोबर आहे."

लांडग्याने मागून लचका तोडला. मास्तरांनी जखम नीट लिहून घेतली, खेळ संपेपर्यंत बसले, आणि पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

चष्मेवाल्याने फोन केला. मास्तर म्हणाले, "सूट देऊन खेळायला मी काय लहान आहे? आणि दुसरं शिकायचं तर हे टाकावं लागेल. ते मी टाकणार नाही. तुम्ही खेळा."

डॉक्टरीणबाईंनी कलमभाऊला दुकानाच्या दारातच गाठलं. "तो माणूस आठवडाभर कुणाशी बोलत नाही, ठाऊक आहे ना? रविवारी चार तास बोलायचा. तेवढेही तुम्ही बंद केलेत."

कलमभाऊकडे याला कलम नव्हतं. घरी येऊन त्याने सगळं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"लुटुपुटीच्या खेळात?" तिने विचारलं.

"खेळ लुटुपुटीचा असेल. नियम नाहीत."

"मग सासूला जिना चढवलात तेव्हा काय केलंत, आठवतं का?"

"काय?"

"तुम्हीही उतरलात लिफ्टमधून. पाच मजले तिची पिशवी घेऊन मागे चढलात. म्हणून तर आई अजून या घरी येते." तिने देठ बाजूला टाकला. "नियम मोडू नका. तुम्हाला जमायचं नाही ते. पण उतरायला काय होतंय?"

कलमभाऊने पुस्तक काढलं. नंतर आपल्या जादूगाराचा कागद काढला आणि त्याकडे बराच वेळ बघत बसला. जादूगाराची नुकतीच लेव्हल वाढली होती, फेरशिक्षणाचा हक्क शिल्लक होता. पाठीला पाठ हे पहिल्या दर्जाचं कसब. जादूगाराकडे पहिल्या दर्जाचं एकच होतं, एकाग्रता. आणि तिच्यावर सगळा डोलारा: अग्निवर्षाव, उड्डाण, अदृश्य होणं. कित्येक वर्षांच्या रविवारांची कमाई. आपल्याच निवाड्यात आपणच सापडलो, हे त्याला कळलं. त्याला वाईट वाटलं, खरोखर वाईट वाटलं. घरात कुणाला सांगता आलं नसतं इतकं.

शनिवारी तो मास्तरांकडे गेला. मास्तर एकच कप धूत होते. कलमभाऊने बसायच्या आधीच काय ते सांगून टाकलं.

"पाठीला पाठ घ्यायला एकाग्रता टाकतोस?" मास्तर म्हणाले. "मग तुझं वरचं सगळं झोपेल की रे."

"कागदावर राहतं."

"माझ्यावर दया करतोयस का?"

"दयेचं कलम नाही पुस्तकात," कलमभाऊ म्हणाला. "आणि एक अडचण आहे. तुमचं झोपलेलं आहे, म्हणून माझी पूर्वअट भरत नाही. माझं नाही, म्हणून तुमचं जागं होत नाही. पूर्वीचाच निवाडा लागू होतो. एका श्वासात व्हायला हवं."

मास्तरांनी कप पालथा घातला, पुन्हा सुलटा केला. "उद्या बघू," एवढंच म्हणाले.

रविवारी ते आले. डॉक्टरीणबाईंनी चहा पुढे केला. कलमभाऊने जादूगाराच्या कागदावरची एकाग्रता खोडली आणि म्हणाला, "घेतलं." मास्तर गप्पच राहिले.

"असू दे, झालं," चष्मेवाला म्हणाला.

"झालं कसं? मागेपुढे झालं," मास्तर म्हणाले. "रद्द." मग त्यांनी बोटाचं पेर दुमडलं आणि काकूंसारखं टकटक केलं.

"घेतलं," दोघं एकदम म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई चष्मा पुसत बसल्या.

लढाई सुरू झाली. डोंगरावरून दरोडेखोर उतरले, आणि सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो? पहिली पाळी येताच कलमभाऊने फासे उचलले. "अग्निवर्षाव."

"नाही चालत," मास्तर म्हणाले.

कलमभाऊचा हात हवेतच राहिला.

"एकाग्रता गेली तुझी. वरचं झोपलं." मास्तरांनी पुस्तक ओढून घेतलं, पान काढलं आणि बोट ठेवून सबंध कलम मोठ्याने वाचून दाखवलं. त्याखालची टीपही वाचली. मग टीप कशी लावायची, जुने निवाडे कोणते, डॉक्टरीणबाईंचा चोर कुठल्या खंदकात पडला, हे सगळं सविस्तर सांगितलं. बोलून बोलून त्यांचा चहा निवला.

"बरोबर आहे," कलमभाऊ म्हणाला.

"मग तिकडे लांब काय बसलायस? नियमात शेजारी असं लिहिलंय." मास्तरांनी बाजूची खुर्ची पायाने बाहेर सरकवली. "पाठ लाव."

कलमभाऊ कागद आणि फासे उचलून त्या खुर्चीवर जाऊन बसला.