बुके नेमका कधी द्यायचा?

आता हे कुठल्या तोंडाने सांगू? पण समीरच्या कंपनीतून तुम्हाला कळणारच, तर माझ्याकडूनच ऐका.

समीर, म्हणजे माझा नवरा, चाकणला नोकरीला आहे. कंपनीच्या वर्धापनदिनाला चिंचवडच्या नाट्यगृहात परदेशी ऑर्केस्ट्रा आला. आपला गणपतीतला नव्हे हं, निवेदक आणि फर्माइशीवाला. हा काळ्या कोटांचा, व्हायोलिनांचा. पुढे आपल्याकडे पाठ करून काडी फिरवणारे एक पांढऱ्या केसांचे आजोबा. शेवटी त्यांना बुके द्यायला लहान मूल हवं होतं. समीरने आमच्या ओवीचं नाव दिलं.

ओवी पाच वर्षांची. "वर्गात तोंडच उघडत नाही," असं बाई सांगतात आणि माझा जीव टांगणीला. म्हटलं, एकदा स्टेजवर गेली की भीड चेपेल. रहाटणीच्या आमच्या घरात आठवडाभर सराव चालला. समीर उलथनं फिरवायचा, ओवी त्याला कोथिंबिरीची जुडी द्यायची.

संयोजक मॅडम म्हणाल्या होत्या, "वाजवणं थांबलं की सोडा तिला."

वाजवणं थांबलं. आजोबांनी हात खाली घेतले. आणि टाळ्याच नाहीत. एवढी घाम गाळणारी माणसं, आणि सगळं नाट्यगृह ढिम्म. मला इतकं वाईट वाटलं की मीच टाळ्या सुरू केल्या आणि ओवीला पुढे ढकललं.

"अगं, थांब," समीर कुजबुजला. "चार भाग आहेत. हा पहिला झाला. टाळ्या चौथ्यानंतर वाजवायच्या."

"मग आधी नाही का सांगायचं?"

ओवी तोवर पायऱ्या चढली होती. आजोबांनी पुन्हा हात उचलले, तर मागून कोणीतरी कोट ओढतंय. त्यांनी वळून बुके घेतला. ठेवायचा कुठे? शेवटी पहिल्या व्हायोलिनवालीने तो खुर्चीखाली सरकवला.

ओवी तोंडभर हसत परत आली. पाठोपाठ मॅडम वाकत वाकत आल्या. "अहो, आता शेवटी काय द्यायचं?"

माझं डोकं अशा वेळी फार वेगाने चालतं. दुसरा भाग संपला आणि मी ओवीच्या कानात सांगितलं, "जा, परत घेऊन ये."

समीरने कपाळाला हात लावला. "दिलेला आहेर कोणी परत मागतं का गं?"

ओवीने मागितला. बोटाने खुर्ची दाखवून, चांगल्या खणखणीत आवाजात. नाट्यगृह खो-खो हसलं. आजोबांनी अदबीने वाकून बुके तिच्या हातात दिला.

तिसऱ्या भागानंतर मी तिचा फ्रॉक मुठीत धरून बसले. चौथा संपला. टाळ्यांचा कडकडाट, लोक उभे राहिले. माझी मूठ काही सुटेना.

"आई, सोड ना. सगळे उभे राहिलेत."

"गप्प बस. अजून एखादा भाग असेल."

आजोबांनी वाकून नमस्कार केला, वाट पाहिली, पुन्हा वाकले. शेवटी स्वतःच पायऱ्या उतरून आमच्या रांगेपर्यंत आले आणि हात पुढे केला. ओवीने बुके दिला. वर त्यांच्याशी हातही मिळवला.

घरी जाताना गाडीत ओवीची बडबड थांबत नव्हती. माझा ऊर भरून आला. पोर मोकळी झाली म्हणून मी डोळे पुसतेय, तोच ती पुढे वाकून समीरला म्हणाली,

"बाबा, पुढच्या वेळी आपण दोघंच जाऊ. आईला आजीकडे ठेवू."