भाचीचा आवाज आणि मामांचा फोन

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणत. लग्नाआधीपासून त्या तिथल्या फोनबोर्डवर बसत. मग दवाखान्याने आपोआप उत्तर देणारी यंत्रणा घ्यायचं ठरवलं आणि व्यवस्थापकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "शिकलात तर यंत्र तुमच्या हाती. नाही तर तुम्ही मोकळ्या."

त्या शिकल्या. फोनवरचं संभाषण संगणकासाठी खुणांच्या भाषेत लिहायचं असतं. यंत्राने काय बोलायचं, किती वेळ थांबायचं, समोरून काहीच आलं नाही तर काय करायचं, हे सगळं कोनी कंसांतल्या खुणांमध्ये बसवायचं. उघडलेली खूण मिटायला विसरलं की अख्खा कार्यक्रम आडवा. सुरुवातीला त्यांचा रोजच आडवा व्हायचा.

आईच्या पाठच्या भावाने, म्हणजे मामांनी, थट्टा केली. "या वयात शाळा? दप्तर मी धरू का?"

"मामा, तुम्ही गप्प बसा," बाई फटकन म्हणाल्या. ज्यांनी त्यांना लहानाचं मोठं केलं, त्या माणसाला.

यंत्र सुरू झालं. आवाज बाईंचाच ठेवला, कारण रुग्णांच्या तो ओळखीचा होता. भेटीच्या वेळेसाठी एक, चष्म्यासाठी दोन, ऑपरेशननंतरच्या त्रासासाठी तीन. बटण दाबलं नाही तर पुन्हा विचारायचं, तरीही दाबलं नाही तर आभार मानून फोन बंद. चाचणी बाईंनी स्वतःच घेतली. त्यांची बोटं न बघता बटणांवर पडत. सगळं बिनचूक चाललं. पण दवाखाना डोळ्यांचा होता, आणि फोन करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना बटणं दिसणारच नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या कोणाच्याही नाही.

मामांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू तिथेच काढला. उजव्याने त्यांना आधीपासूनच जेमतेम दिसे. घरी आल्यावर डोळा ठणकू लागला. शेजारणीने दवाखान्याचा नंबर लावून दिला आणि ती दूध तापवायला गेली. दोन दिवसांनी तीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आली. तोवर डोळ्यात पू झाला होता.

"आजोबा, दुखायला लागल्यावर लगेच कळवा म्हणून बजावलं होतं ना?" डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर कडाडल्या. "एक फोन करता येत नाही?"

मामा खाली मान घालून म्हणाले, "राहून गेलं हो. म्हातारपण."

बाई शेजारीच उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई आत गेल्यावर त्यांनीही सुनावलं, "मामा, निदान मला तरी कळवायचं!"

मामांनी आवाज खाली आणला. "केला होता गं फोन. तूच घेतलास."

"मी?"

"हो. म्हटलं, अगं मी मामा बोलतोय, डोळा फार दुखतोय. तर तू म्हणालीस, कृपया आपली निवड करा. मला 'आपण' म्हणालीस तेव्हाच ओळखलं, दप्तराचा राग गेलेला नाही. पुन्हा सांगितलं, तर धन्यवाद म्हणून फोन ठेवलास. मग परत कशाला त्रास द्यायचा?"

बाईंनी तेव्हाच आत जाऊन खरं सांगायला हवं होतं. त्या गेल्या नाहीत. नोकरीचा विचार मनात आला होता, हे त्यांनी नंतर स्वतःहून सांगितलं.

डोळा राहिला, नजर गेली. ते कळल्यावर बाई डॉक्टरीणबाईंसमोर उभ्या राहिल्या. "त्यांनी फोन केला होता. बटण न दाबणाऱ्याचं ऐकायला मी यंत्राला शिकवलं नव्हतं." डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "त्यांना मी सगळ्यांसमोर बोलले."

नोकरी राहिली. आता समोरून काहीच आलं नाही, किंवा कोणी नुसतं 'दुखतंय' म्हटलं, तरी फोन थेट परिचारिकेकडे जातो. सुरुवातीलाच बाईंचा आवाज सांगतो, 'हे यंत्र बोलत आहे.'

बदल झाल्यावर पहिली चाचणी त्यांनी मामांकडून करवून घेतली. मामांनी फोन कानाला लावला, ऐकलं आणि यंत्राला हळूच म्हणाले, "दुखतंय गं." परिचारिका लगेच बोलली.

"काही नाही हो," मामा घाईने म्हणाले. "भाचीने करायला सांगितला म्हणून केला. तिला रागावू नका."

बाई त्यांच्या डाव्या हाताला बसल्या होत्या. त्या बाजूचं मामांना दिसत नाही.