खऱ्या वाक्यांची मिस

आमच्या दमनहूर गावात चाळिशीच्या आसपासचा कुठलाही पुरुष धरा आणि त्याला इंग्रजीतलं 'गिव्ह अप' विचारा. तो आधी खाली बघेल आणि मग बिनचूक सांगेल. सिगारेट सोडली तर नुसतं गिव्ह अप. पण एखाद्या माणसाची आशा सोडली, याच्या हातून आता काही व्हायचं नाही असं ठरवून टाकलं, तर मागे 'ऑन' लावायचं आणि मग त्या माणसाचं नाव घ्यायचं. हे ज्ञान त्याला मिस इन्साफकडून मिळालेलं असतं. ज्या दिवशी मिळालं, तो दिवस तो विसरलेला नसतो.

मिस इन्साफ मुलांच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. बाई बुटक्या, पण आवाज असा की कालव्यापलीकडचा भाजीवाला मान वळवून बघे. पुस्तकातल्या वाक्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "जॉनने सिगारेट सोडली म्हणे. कोण हा जॉन? तुझा मेव्हणा का?" असं म्हणून पुस्तक मिटायच्या. त्यांच्या वर्गात वाक्य खरं पाहिजे आणि समोर बसलेल्यांपैकीच कुणाबद्दल तरी पाहिजे. ज्याच्याबद्दल वाक्य, त्याने उभं राहून 'खरं' किंवा 'खोटं' म्हणायचं. खोटं निघालं, तर वाक्य करणारा सहामाही संपेपर्यंत वर्गाबाहेर. पहिलं वाक्य त्या स्वतः करायच्या, आणि त्यांच्या वाक्याला खोटं म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

पोरं रडायची. निकाल मात्र झकास लागायचा, म्हणून आईबापही गप्प. रडणाऱ्या पोराच्या पाठीवर थाप मारून बाई म्हणत, "आता जन्मात विसरणार नाहीस, हबीबी." हे त्या अगदी मायेने म्हणत. मला विचाराल तर त्यांच्या त्या मायेचीच जास्त भीती वाटायची.

एका वर्षी पहिल्या बाकावर हैसम नावाचा मुलगा होता. त्याचा बाप लिबियात गवंडीकामाला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. ही गोष्ट आळीत सगळ्यांना ठाऊक होती, पण त्या पोरासमोर कुणी काढत नसे. बाईंनी काढली. खडू खाली ठेवून त्यांनी खणखणीत वाक्य केलं: हैसमच्या बापाने हैसमची आशा सोडली आहे. हैसम उभा राहिला, स्वेटरची बाही ओढत राहिला. मग 'खरं' म्हणाला आणि बसला. त्या वर्षी तो इंग्रजीत पहिला आला, आणि बाई ते वर्षानुवर्षं मिरवत राहिल्या.

तोच हैसम आज इंग्रजीचा सम्राट आहे. हे मी म्हणत नाही, गावभर लागलेली त्याची पोस्टरं म्हणतात. स्टेशनामागचा लग्नाचा हॉल त्याने शिकवणीसाठी भाड्याने घेतलाय. खाली शेकडो पोरं कोंबलेली, वर मंचावर माइक घेतलेला सम्राट, आणि त्याच्यामागे नवरानवरीच्या दोन सोनेरी खुर्च्या, ज्या हॉलवाला हलवू देत नाही.

मिस इन्साफची नात नदा यंदा सानवियाला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, बसणार होती. सानवियाचे गुण म्हणजे आमच्याकडे माणसाचं कपाळ. ते एकदाच लिहिलं जातं. नदाला फार्मसी हवी होती. तिची आई सफिनाझ काडीमोड होऊन माहेरी आलेली, लोणच्याच्या दुकानात काम करायची. सम्राटाची फी तिच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून बाईंनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे शब्द टाकला. हैसमने त्यांच्या मस्तकाचं चुंबन घेतलं.

"असं काय बोलता, मिस? नदा मला भाचीसारखी. तिची खुर्ची फुकट. तुम्ही फक्त पेपर तपासा आणि वर माझ्याजवळ बसा. पोरांना कळू दे, सम्राट कुणाच्या हाताखाली तयार झाला."

अशा रीतीने मिस इन्साफ म्हातारपणी नवरीच्या खुर्चीत बसल्या. हैसमने त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलली होती, उभं राहण्यापासून सहामाहीच्या शिक्षेपर्यंत. फक्त उदाहरणाला समोरची पोरं न घेता तो जरा मागे वळायचा.

"संपून जाणं. वाक्य ऐका. मिस इन्साफची पेन्शन महिना अर्धा व्हायच्या आत संपून जाते. खरं की खोटं, मिस?"

"खरं," बाई हसून म्हणायच्या. हॉल खिदळायचा.

दुसऱ्या आठवड्यात त्यांचे दात झाले, तिसऱ्या आठवड्यात गुडघे. बाईंना वाटायचं, पोरगा लाडात आलाय.

"आई, तो तुला चावतोय," एकदा जेवताना सफिनाझ म्हणाली.

"चेष्टा करतो गं. शिकवण्याची तऱ्हा आहे ती. माझीच आहे."

"तेच म्हणतेय मी."

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण त्यांना नदाचा अभ्यास घ्यायचा होता. पुढचा पाठ 'गिव्ह अप ऑन'चा. वालाच्या कालवणात घास बुडवता बुडवता त्यांनी नमुना करून दाखवला: सफिनाझच्या नवऱ्याने सफिनाझची आशा सोडली. आणि सवयीने लेकीकडे बघत थांबल्या. सफिनाझने हातातला पाव ताटात ठेवला, 'खरं' म्हणाली आणि भांडी घासायला उठली. नळ खूप वेळ चालू होता. नदा आजीकडे बघत राहिली. "बघ, किती सोपं आहे," आजी म्हणाली.

पाठाच्या दिवशी हॉल तुडुंब भरला होता. हैसमने आधी स्वतःची गोष्ट सांगितली: लिबिया, बाप, स्वेटर, सगळं. अशी रंगवून सांगितली की पोरं हसून बेजार झाली आणि शेवटी टाळ्या वाजल्या. टाळ्या आपल्यासाठीही आहेत असं समजून मिस इन्साफनी मान लववली. मग सम्राटाने माइक खाली केला आणि बोट दाखवलं.

"भाची, ऊठ. याच हॉलमधलं माणूस घे. वाक्य खरं पाहिजे. जमत नसेल तर तसं सांग, ही फुकटची खुर्ची आपण दुसऱ्या कुणाला देऊ. बाहेर रांग लागलीय."

नदा उठली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. पोरगी अडखळली तर खुर्ची गेली आणि खुर्ची गेली तर फार्मसी गेली. बाई खुर्चीतून पुढे झुकल्या आणि हाताने खुणावू लागल्या: बोल, काहीही बोल, बोल. नदाने आजीच्या हाताकडे पाहिलं. मग ती एकदाही न अडखळता बोलली.

"माझ्या आईने माझ्या आजीची आशा केव्हाच सोडली होती. मी यंदा सोडली."

इंग्रजी अस्सल होतं, 'ऑन'सुद्धा जागच्या जागी. मागून कुणीतरी शिट्टी मारली. हैसम हसला नाही. तो सावकाश मंचाच्या मागच्या बाजूला गेला आणि त्याने माइक बाईंच्या तोंडासमोर धरला.

"वाक्य बरोबर आहे, मिस?"

"बरोबर आहे."

"मग उठा. नियम तुमचाच आहे. खरं की खोटं?"

मिस इन्साफ खुर्चीच्या सोनेरी हातांना धरून उठल्या. खोटं म्हटलं असतं तर पोरगी सहामाहीभर बाहेर. चारचौघांत नव्हे, चारशे जणांत त्या उभ्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं की उभ्या माणसाला किती लांबवरचं दिसतं. नदा वर बघत होती. तिने नजर हटवली नाही.

"खरं," बाई म्हणाल्या.

"शाब्बास," हैसम माइकवर म्हणाला. "आता जन्मात विसरणार नाही, मिस. पुढचं क्रियापद."

शिकवणी संपल्यावर आजी आणि नात बाजारातून चालत निघाल्या. उसाच्या रसाच्या दुकानाशी बाई थांबल्या, दोन पेले सांगितले आणि नातीचा पेला तिच्या हातात देत हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला समजलं हो. त्या मेल्याच्या धाकाने बोललीस. खुर्ची वाचवायची होती तुला. मी काही मनाला लावून घेतलं नाही."

नदाने रस संपवला आणि पेला काउंटरवर ठेवला.

"आजी, खुर्चीच वाचवायची असती तर मी शेजारच्या मुलीवर वाक्य केलं असतं," ती म्हणाली. "हॉलमध्ये माणसांना काय तोटा होता?"